रात्रपाळी

केमीच्या कागद गिरणीत रात्रपाळीला
तीन नंबरच्या यंत्रातून कोरा कागद निघत राहतो,
सात मीटर रुंद, कुणीच काही न लिहिलेला.
माझं काम, तो तुटू न देणं.
तुटला तर शिट्टी.
नाही तुटला तर काचेची खोली, खुर्ची, एक स्क्रीन, कॉफी.

त्या स्क्रीनवर नोव्हेंबरात पहाटे तीनला
मी ती गोष्ट वाचली.
शोध चालला होता बेअरिंगच्या भावाचा.
समोर आली एक बाई,
जिला चाळीस वर्षं सगळे पुरुष समजत होते,
ती स्वतःसुद्धा, बरीचशी.

गोष्ट तशी सुमारच.
एक ट्रॉलर, एक खलाशी, आरशापुढे नको तितकं रडणं,
आणि एक हिरवा स्वेटर.
खलाशी तो घालते, आणि काहीच होत नाही.
आभाळ कोसळत नाही.
ती बटाटे सोलायला बसते.

त्या बटाट्यांपाशी माझा श्वास अडकला.
मागे कागद तुटला. शिट्टी.
अकरा मिनिटं यंत्र बंद.
नोंदवहीत मी कारण लिहिलं: ओलावा.

गोष्ट इंग्रजीत होती. माझं इंग्रजी पंप आणि व्हॉल्व्हपुरतं.
आमच्या फिनिशमध्ये तो आणि ती असे दोन शब्दच नाहीत,
सगळ्यांना मिळून एकच.
बाहेरचे लोक म्हणतात, किती मोकळं!
असेल.
पण कडी नसलेल्या खोलीतही माणूस कोंडता येतो;
त्या मोकळ्या शब्दात मला पन्नास वर्षं
सगळ्यांनी तार्मोच म्हटलं.
शब्दकोश मांडीवर घेऊन मी इंग्रजीतली ‘ती’ मोजली.
दोनशे चौदा वेळा.
एकदाही लेखणी घसरलेली नाही.

मग दर रात्री आणखी गोष्टी.
जादूची अंगठी, श्रीमंत मावशी, विजेचा झटका आणि सकाळी नवं शरीर.
सगळ्यांना शेवटाची फार घाई.
डिसेंबरात मी एक लिहिली, बिनजादूची:
एक बाई रात्रभर कागद सांभाळते,
सकाळी बर्फ झटकून सायकलवर बसते, बस्स.
आमच्या कॅलेंडरात प्रत्येक दिवसाला नावं असतात.
त्या दिवसाच्या नावांतलं एक मी खाली टाकलं: औलिक्की.

उत्तरं आली.
वासाची सिर्का, बस चालवते:
‘तुझी बाई कॉफी फार पिते. पण आहे खरी.’
टोर्नियोच्या ओन्नीने, ज्याच्या बारशाला सगळे मुलगी झाली म्हणत होते,
माझे स्वल्पविराम दुरुस्त करून पाठवले, न विचारता.
आणि कुह्मोची हेल्यू, एकाहत्तर वर्षांची,
जन्मभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेली.
खलाशाची गोष्ट तिचीच निघाली!
ट्रॉलरवर ती कधी चढलीच नव्हती.
‘आपल्या भाषेत मला कुणी ती म्हणूच शकत नव्हतं,’ तिने लिहिलं,
‘म्हणून मोडक्या इंग्रजीत लिहिली.
बटाटे मात्र माझे आहेत.’

आमच्या इमारतीच्या सौनात
बायकांची पाळी गुरुवारी, पुरुषांची शुक्रवारी.
वीस वर्षं माझी आंघोळ घरच्या शॉवरखाली,
आठवड्याचे सातही दिवस.

मार्चात ओन्नीने तळ्याकाठचं त्याचं सौना तापवलं.
पाळ्या नाहीत. ज्याला लाज वाटेल त्याने टॉवेल घ्यावा.
तळ्यावरच्या बर्फात एक चौकोनी भोक,
आत काळंभोर पाणी.
बाहेरच्या बाकावर माझे गिरणीचे बूट,
त्यांच्यावर घडी केलेला हिरवा स्वेटर,
बाह्या जरा आखूड, बायकांच्या मापात एवढाच मोठा मिळाला.
उणे अकरा.
हात दाराच्या मुठीवर, किती वेळ कोण जाणे.

आत हेल्यू खोकत होती, कुणीतरी हसत होतं,
तापल्या दगडांवर पाणी पडलं, चर्रर्र,
आणि सिर्का बस थांबवावी तशी ओरडली,
‘अगं औलिक्की, दार अर्धवट उघडून काय उभी आहेस?
सगळी वाफ चाललीय!’

मी म्हटलं,
‘आले.’